लाल दिव्याची अभिधा

गेल्या वर्षी रेल्वे सप्ताहात माझ्या भाचीला विभागीय पुरस्कार मिळाला. ती सिग्नल खात्यात अभियंता आहे. वय अजून तिशीच्या आतले. बारावीनंतर तिने साहित्याकडे यावे अशी माझी फार इच्छा होती. शाळकरी वयातही ती कविता इतक्या बारकाईने वाचे, की तिच्या काही शंका मी महाविद्यालयात स्वतःच्या म्हणून मांडल्या आहेत. ती अभियांत्रिकीला गेली तेव्हा 'एक चांगली वाचक गेली' असे मी बहिणीला बोलून दाखवले होते. ते वाक्य मागे घ्यावे म्हणून हे टिपण.

सन्मानपत्रावर 'नेमून दिलेले काम मुदतीपूर्वी पूर्ण केल्याबद्दल' असे लिहिले होते. पेढे वाटून झाल्यावर मी तिला विचारले, "यातलं तुला स्वतःला सर्वांत मोलाचं वाटतं ते काम कोणतं?" ती हसून म्हणाली, "मामा, ते यात नाहीच. ते उशिरा झालं होतं."

एका छोट्या स्थानकावर रात्री सिग्नलच्या तारा बदलण्याचे काम चालले होते. काम संपले होते. हिने सही केली की सिग्नल पुन्हा सुरू. गाड्या खोळंबलेल्या, वरिष्ठांचे फोनवर फोन. पण एका तारेवरची चिठ्ठी आणि हातातला नकाशा यांचा मेळ तिला पटेना. तिने सही केली नाही. एकेक मार्ग पुन्हा लावून, सांधा खरोखर कोणत्या बाजूला वळला आहे हे जागेवर माणूस उभा करून, तिने सगळी तपासणी नव्याने केली. चाळीस मिनिटे गेली. चूक निघाली नाही. चिठ्ठीवरचा एक आकडा पुसट झाला होता, इतकेच. बोलणी मात्र खावी लागली.

"मग थांबलीस कशाला?" असे मी विचारले नाही. २ जून २०२३ ची ओडिशातील बहानगा बाजार स्थानकाजवळची दुर्घटना आम्हां दोघांनाही आठवत होती. कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा दिवा मिळाला होता; सांधा मात्र लूप लाइनकडे वळलेला होता आणि तिथे मालगाडी उभी होती. पावणेतीनशेहून अधिक माणसे गेली. सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेले बदल सदोष होते, असे चौकशीत निष्पन्न झाले. हिरवा दिवा खोटे बोलला होता.

आपण साहित्याची माणसे. शब्दाला दुसरा अर्थ फुटला की आपल्याला आनंद होतो. अभिधा ही आपल्या लेखी केवळ पहिली पायरी, खरी गोडी व्यंजनेची. भाचीच्या शास्त्रात अभिधेवाचून दुसरे काही चालत नाही, आणि शंका आली तर अर्थ एकच : थांबा. रुळांतून मंद विद्युतप्रवाह खेळवलेला असतो. गाडीची चाके आली की तो रिलेपर्यंत पोहोचत नाही. रिले खाली पडतो आणि सिग्नल लाल होतो. रूळ तुटला, तार तुटली, तरीही लालच. दिवाच विझला तर विझलेला दिवासुद्धा लाल समजायचा. हे शहाणपण फुकट आलेले नाही. इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे जानेवारी १८७६ मध्ये बर्फामुळे सिग्नलचे हात 'मार्ग मोकळा' याच स्थितीत अडकून राहिले आणि गाड्या एकमेकींवर आदळल्या. सिग्नलची मूळ स्थिती 'धोका' हीच असावी, ही रीत तिथे त्यानंतर रूढ झाली.

मुदत मोजता येते, म्हणून सन्मानपत्रात मुदत आली. त्या चाळीस मिनिटांत तर टळलेला अपघातही दाखवता येत नाही. त्यांची नोंद कोणत्या शब्दांत करावी, हे मलाही सांगता येणार नाही. एवढे मात्र कळले, की एका पुसट आकड्यापाशी अडून सबंध संहिता पुन्हा वाचणारी ती मुलगी कुठेही गेलेली नव्हती.

मागच्या महिन्यात रात्रीच्या प्रवासात आमची गाडी आउटरला थांबली. डब्यात नेहमीची कुरकुर सुरू झाली. एरवी त्यात माझा स्वर वरचा असतो. या वेळी मी दारापाशी जाऊन वाकून पाहिले. वळणापलीकडे लाल दिवा दिसत होता. तो हिरवा होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.