फुकटच्या प्रसिद्धीचं बिल

स्टार्टअपच्या संस्थापकांच्या मुलाखती वाचायची मला सवय आहे. त्यांतला एक दावा आता तोंडपाठ झाला आहे: जाहिरातीवर आम्ही छदामही खर्च केला नाही, सगळी वाढ माउथ पब्लिसिटीवर झाली. दावा बहुतेकदा खोटा नसतो. पण तो ऐकून नवा उद्योजक जो निष्कर्ष काढतो, तो त्याला महागात पडू शकतो. त्याला वाटतं, वस्तू बरी असली की लोक आपसूक बोलू लागतात आणि ग्राहक फुकट येतात. या कंपन्यांचे जाहीर आकडे आणि त्यांनी घेतलेले निर्णय शेजारी शेजारी ठेवून पाहिले की मला वेगळंच दिसतं. तोंडी प्रसिद्धीला खर्च येतो, चांगला घसघशीत येतो. तो जाहिरातीच्या खात्यावर पडत नाही इतकंच. कुणी तो किमतीत सोसतं, कुणी अभियंत्यांच्या पगारात, कुणी हातचं उत्पन्न सोडून. हा खर्च नेमका कुठे पडला हे सापडेपर्यंत अशा कंपनीची वाढ मला समजल्यासारखी वाटत नाही.

भारतातलं याचं सर्वांत स्वच्छ उदाहरण म्हणजे झिरोधा. नितीन आणि निखिल कामत या भावांनी १५ ऑगस्ट २०१० रोजी बंगळुरूत ही शेअर दलालीची कंपनी सुरू केली. बाहेरच्या गुंतवणूकदाराचा पैसा घेतला नाही, टीव्हीवर झळकायचा हट्ट धरला नाही, आणि तरीही २०१९च्या सुमारास सक्रिय ग्राहकांच्या संख्येत आयसीआयसीआय सिक्युरिटीजसारख्या बँकेच्या पाठबळावर उभ्या असलेल्या दलालालाही तिने मागे टाकलं. हे झालं कसं, याचं उत्तर दरपत्रकात आहे. तेव्हा डिलिव्हरीच्या, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्याच्या, सौद्यांवर अर्ध्या टक्क्याच्या आसपास दलाली ही नेहमीची गोष्ट होती. लाखाचे शेअर घेतले की पाचशे रुपये गेले, विकले की पुन्हा पाचशे. झिरोधाने सौदा लाखाचा असो की दहा लाखांचा, एका ऑर्डरला जास्तीत जास्त वीस रुपये, असा दर लावला. पुढे डिसेंबर २०१५ मध्ये डिलिव्हरीवरची दलाली शून्यावरच आणली. ‘व्हर्सिटी’ या नावाने शेअर बाजाराचे धडे लिहून घेतले आणि ते फुकट खुले केले, ग्राहक असो वा नसो. हे सोडून दिलेलं उत्पन्न आणि धडे लिहिणाऱ्यांचा पगार, हाच या कंपनीचा जाहिरातखर्च. गंमत अशी की खातं उघडण्यासाठी मात्र तिने बरीच वर्षं पैसे घेतले, तेही स्पर्धक फुकट खाती वाटत असताना. येणारा माणूस कुणाचं तरी ऐकून, ठरवून आलेला होता. दोनशे-तीनशे रुपयांनी तो परत जाणार नव्हता.

‘कितीचाही सौदा करा, वीस रुपये’ हे वाक्य चहाच्या टपरीवर दहा सेकंदांत सांगता येतं, आणि पाचव्या तोंडून ऐकतानाही ते बिघडत नाही. ‘आमच्याकडे ग्राहककेंद्री, तंत्रज्ञानाधिष्ठित गुंतवणूक सेवा मिळते’ हे पहिल्याच तोंडात विरघळतं. जे पुन्हा सांगता येत नाही ते पसरत नाही, हे इतकं उघड असूनही बहुतेक स्टार्टअपच्या माहितीपत्रकांत असं एकही वाक्य सापडत नाही. पण सोपं वाक्य पुरेसं नाही, कारण पैशाच्या व्यवहारात शिफारस करणं जोखमीचं असतं. आपल्याकडे स्थळ सुचवणाऱ्याची जी अवस्था होते तीच इथे होते: सगळं सुरळीत झालं तर त्याची आठवण फारशी कुणी काढत नाही, आणि बिनसलं तर पहिलं नाव त्याचंच निघतं. म्हणून शहाणा माणूस असं काही सुचवतो ज्याचा फायदा लगेच मोजता येईल आणि ज्यात आपण तोंडघशी पडण्याची शक्यता कमी असेल. महिन्याच्या शेवटी दलालीचं विवरण पाहिलं की वाचलेले पैसे आकड्यात दिसतात. सुचवणाऱ्याची अब्रू तो आकडा राखतो. कमी दराने ग्राहक आला हे अर्धंच सत्य आहे. कमी दराने ग्राहकाला दुसऱ्यापाशी बोलण्याचं धाडस दिलं.

परदेशातल्या गाजलेल्या उदाहरणांना हीच फूटपट्टी लावून पाहा. हॉटमेल ४ जुलै १९९६ रोजी सुरू झालं. सबीर भाटिया आणि जॅक स्मिथ यांच्या या सेवेतून जाणाऱ्या प्रत्येक पत्राखाली, तुम्हीही फुकट ईमेल घ्या, अशा अर्थाची ओळ आपोआप जोडली जाई; ही कल्पना टिम ड्रेपर या गुंतवणूकदाराची. दीड वर्षात सुमारे एक कोटी लोक आले आणि १९९७च्या डिसेंबरात मायक्रोसॉफ्टने ती कंपनी विकत घेतली. ही गोष्ट सांगताना सगळा भर त्या एका ओळीवर दिला जातो, तो मला पटत नाही. लोक जिच्यासाठी इंटरनेट सेवादाराच्या किंवा कचेरीच्या पत्त्यावर अवलंबून होते ती सेवा कुठल्याही संगणकावरून फुकट मिळू लागली, हा मोठा भाग. ओळीने त्याचा पत्ता सांगितला. व्हॉट्सॲपचं तर त्याहून स्पष्ट आहे. २०१४च्या फेब्रुवारीत फेसबुकने ते सुमारे १९ अब्ज डॉलरना घेतलं तेव्हा दरमहा ४५ कोटी लोक ते वापरत होते, कर्मचारी होते ५५, आणि प्रसिद्धीवर काहीही खर्च झालेला नव्हता. पण ज्या काळात इतर कंपन्या फक्त आयफोन आणि अँड्रॉइडचा विचार करत होत्या, त्या काळात या चिमुकल्या कंपनीने ब्लॅकबेरी, सिम्बियन आणि नोकियाच्या स्वस्त एस-४० फोनांवरही आपलं ॲप चालवून दाखवलं. कंटाळवाणं, खर्चिक, बाहेरून कुणाला न दिसणारं काम. तेच जाहिरातीच्या जागी उभं होतं, कारण ज्याला निरोप पाठवायचा त्याच्या फोनवर ॲप चालतच नसेल तर ‘तूही घे’ म्हणण्यात काय हशील? भारतात ते इतकं पसरलं यामागे एसएमएसचे पैसे वाचणं जितकं होतं, तितकेच ते साधे नोकियाही होते असं मला वाटतं.

इथे पहिला आक्षेप येतो: शिफारशीसाठी रोख बक्षीस दिलं की काम भागत नाही का? भागतं, पण किती काळ आणि कुणाचं, हे पाहायला हवं. इंटरनेटवरून पैसे पाठवण्याची सेवा देणाऱ्या पेपालने सुरुवातीला नवं खातं उघडणाऱ्याला दहा डॉलर आणि त्याला आणणाऱ्यालाही दहा डॉलर दिले. वाढ झपाट्याने झाली, पण कोट्यवधी डॉलर त्यात गेले आणि रक्कम आधी कमी करून मग बंदच करावी लागली. इंटरनेटवर फाइली साठवायला जागा देणाऱ्या ड्रॉपबॉक्सने अधिक शहाणपणाने हिशेब मांडला. ९९ डॉलरच्या सेवेसाठी एक ग्राहक मिळवायला इंटरनेटवरच्या जाहिरातींतून त्यांना २३३ ते ३८८ डॉलर पडत होते, हे संस्थापक ड्रू ह्यूस्टन यांनीच सांगितलं आहे. मग त्यांनी पैशाऐवजी जागा द्यायला सुरुवात केली: मित्राला आणा, तुम्हालाही जास्तीची साठवण आणि त्यालाही. सप्टेंबर २००८ मध्ये लाखभर असलेले वापरकर्ते पंधरा महिन्यांत ४० लाखांवर गेले. यात मला महत्त्वाचं वाटतं ते हे की बक्षीस त्या सेवेचाच तुकडा होता. ज्याला सेवा नको त्याला त्या जागेचा काडीचाही उपयोग नाही, म्हणून फुकटचे लाभार्थी फार जमले नाहीत. रोख रक्कम कुणालाही हवी असते, आणि घोळ तिथेच सुरू होतो. अर्थात पैसे दिले की शिफारस नासतेच असंही नाही. एका जर्मन बँकेच्या सुमारे दहा हजार ग्राहकांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला; तिथे शिफारस करणाऱ्याला २५ युरो मिळत असत, आणि तरीही ओळखीतून आलेले ग्राहक जास्त काळ टिकले, बँकेला ते इतरांपेक्षा किमान १६ टक्के अधिक मोलाचे ठरले. झिरोधानेही मित्र आणणाऱ्याला त्याच्या दलालीतला दहा टक्के वाटा दिलेला आहे. फरक प्रमाणाचा आहे. बक्षीस हे बोलण्याचं निमित्त असेल तर चालतं. बक्षीस हेच बोलण्याचं एकमेव कारण झालं की तोंडी प्रसिद्धी संपून चेन मार्केटिंग सुरू होतं, आणि त्याची चव महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लोकांनी घेतली आहे. १९७८च्या कायद्याने अशा पैसे फिरवण्याच्या योजनांवर बंदी आहे, २०२१च्या थेट विक्री नियमांनी पिरॅमिड योजनांनाही मज्जाव केला आहे, तरी नव्या नावाने त्या पुन्हा दारात येतात. तिथे मेहुण्याने मेहुण्याला विकलेली वस्तू कुणाला हवी असते हे कुणी विचारत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: जाहिरात करणारे पुढे जातातच की! खुद्द झिरोधाला सक्रिय ग्राहकांच्या संख्येत २०२३च्या शेवटाकडे ग्रो या कंपनीने मागे टाकलं, आणि ग्रो मोठ्या गुंतवणूकदारांच्या पैशावर वाढलेली, जाहिरातीचं वावडं नसलेली कंपनी आहे. हे मी नाकारत नाही. पण साधं गणित करून पाहा. शंभर ग्राहकांनी पन्नास आणले, त्या पन्नासांनी पंचवीस, पंचविसांनी बारा-तेरा, तर बेरीज दोनशेच्या पुढे सरकत नाही. शंभरांनी ऐंशी आणले, ऐंशींनी चौसष्ट, आणि असंच पुढे, तर बेरीज पाचशेपर्यंत जाते. म्हणजे बोलणं हा गुणाकार आहे. गुणायला आधी काहीतरी हवं. ते पहिले शंभर जाहिरातीने आले, ओळखीने आले की संस्थापकाने दारोदार फिरून आणले, याने गणिताला फरक पडत नाही. उलट गुणक शून्याजवळ असेल तर जाहिरात थांबल्याक्षणी वाढही थांबते. बायजूज या ऑनलाइन शिकवणीच्या कंपनीने २०१९ पासून भारतीय क्रिकेट संघाच्या जर्सीवर नाव लावलं, २०२२च्या कतारमधल्या फुटबॉल विश्वचषकाचं प्रायोजकत्व घेतलं. आणि २०२४च्या जुलैत तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया दाखल करून घेतली गेली ती क्रिकेट मंडळाच्या सुमारे १५८ कोटींच्या प्रायोजकत्वाच्या थकबाकीवरून. त्या पडझडीची कारणं अनेक होती, जाहिरात त्यांतली एक. पण पालक एकमेकांशी काय बोलतात हे जर्सीवरच्या नावाने बदलता येत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. यशस्वी कंपन्याच आपल्याला दिसतात, बोलणं होऊनही बुडालेल्या दिसत नाहीत, हाही मुद्दा खरा आहे. म्हणूनच मी फक्त वाढीच्या आकड्यांकडे न पाहता खर्च कुठे पडला याकडे पाहतो. वाढ नशिबानेही होते. पाचशेची दलाली शून्यावर आणणं हा मात्र जाणूनबुजून घेतलेला निर्णय होता.

माझ्या मांडणीला सर्वांत जड जाणारी गोष्ट झिरोधाच्याच क्षेत्रात आहे. मी वर म्हटलं की अब्रू पणाला लागते म्हणून लोक जपून सुचवतात. मग स्वस्त दलालीबरोबर फ्युचर्स आणि ऑप्शन्सचा, म्हणजे शेअरच्या पुढच्या भावावर डाव लावणाऱ्या सौद्यांचा, नाद एवढा कसा पसरला? शेअर बाजाराची नियामक असलेल्या सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन आर्थिक वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या दर शंभर वैयक्तिक ट्रेडरांपैकी ९३ जणांना तोटा झाला, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. दर स्वस्त झाला, फोनवर ऑर्डर टाकता येऊ लागली, आणि मित्राने मित्राला सांगितलं; या सगळ्याचा त्यात वाटा आहे, कुणा एका कंपनीचा नव्हे. इथे शिफारशीची यंत्रणा फसते ती एका विशिष्ट कारणाने. दलालीत वाचलेले पैसे खरे असतात आणि सुचवणारा खरंच बोलत असतो. पण सौद्यात गेलेल्या पैशांबद्दल तो बोलत नाही. एका दिवसात आठ हजार कमावलेला माणूस व्हॉट्सॲपवर स्क्रीनशॉट टाकतो. पुढच्या आठवड्यात चाळीस हजार गमावले की त्याचा ग्रुप गप्प असतो. जिथे तोटा लाजेचा असतो तिथे तोंडी प्रसिद्धी एकतर्फी होते: कर्ज, जुगारासारखे सौदे, क्लासची फी, वजन कमी करण्याचे कोर्स. उलट हॉटेल, इलेक्ट्रिशियन, बिलिंगचं सॉफ्टवेअर यांबद्दल माणूस तोटाही तावातावाने सांगतो, कारण तिथे मूर्ख ठरतो तो विकणारा. म्हणून कुणी संस्थापक अभिमानाने सांगतो की आमचे सत्तर टक्के ग्राहक ओळखीतून येतात, तेव्हा मला दोन आकडे आणखी हवे असतात: त्यांतले वर्षभरानंतर किती उरले, आणि जे गेले ते जाताना काही बोलून गेले की न बोलताच. पहिला आकडा बहुतेकांकडे असतो. दुसऱ्यासाठी सोडून गेलेल्यांना फोन करावा लागतो, आणि त्या कामाला माणूस नेमलेली कंपनी क्वचितच आढळते.