शून्य क्रमांकाचा इंटरप्ट

मायक्रोकंट्रोलरसाठी, म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि बाह्य जोडण्या एकाच चिपवर सामावणाऱ्या छोट्या संगणकासाठी, मुक्तस्रोत कर्नल निवडताना जे तुलनात्मक तक्ते वापरले जातात, त्यांत परवाना, लागणारी मेमरी आणि चालणाऱ्या बोर्डांची संख्या हे रकाने हटकून असतात. वापरणाऱ्याची चूक झाली तर ते कर्नल काय करते, हा रकाना मात्र सहसा नसतो, आणि ही उणीव प्रस्तुत लेखकाला आजही खटकते. रिचर्ड बॅरी यांनी 2003 मध्ये सुरू केलेले फ्रीआरटीओएस 2017 पासून ॲमेझॉनच्या देखरेखीखाली एमआयटी परवान्याने मिळते, तर लिनक्स फाउंडेशनने 2016 मध्ये पुढे आणलेले झेफर अपाची 2.0 परवान्याने मिळते. दोन्ही परवाने व्यावसायिक वापराला मोकळीक देतात, त्यामुळे त्यावरून निवड फारशी पुढे सरकत नाही.

लेखकाकडे तपासणीसाठी आलेले एक उपकरण कॉर्टेक्स-एम4 गाभ्याच्या चिपवर फ्रीआरटीओएस चालवत होते आणि तासन्‌तास सुरळीत चालून अचानक ठप्प होत असे. डीबगर लावल्यावर प्रोग्राम दरवेळी कर्नलच्या यादीत क्रमाने नोंद घालणाऱ्या फंक्शनमध्ये, एकाच फॉर-लूपमध्ये, फिरत राहिलेला दिसे. या फंक्शनचा उपकरणाच्या कामाशी वरकरणी काहीही संबंध नव्हता. कारण निराळ्याच ठिकाणी होते. कॉर्टेक्स-एममध्ये इंटरप्टचा, म्हणजे चालू काम थांबवून लक्ष वेधणाऱ्या हार्डवेअर संकेताचा, प्राधान्यक्रम जितका लहान आकड्याचा तितका तो अधिक तातडीचा मानला जातो, आणि चिप रिसेट झाल्यावर हा आकडा शून्य, म्हणजे सर्वांत तातडीचा, असतो. फ्रीआरटीओएस स्वतःच्या याद्या बदलताना ठरावीक मर्यादेपर्यंतचेच इंटरप्ट रोखून धरते. त्याहून तातडीच्या इंटरप्टना ते हात लावत नाही, मात्र त्या बदल्यात अशा इंटरप्टमधून कर्नलचे कोणतेही फंक्शन बोलावू नये, अशी अट असते. या उपकरणात सिरियल पोर्टच्या इंटरप्टचा क्रम ठरवलाच नव्हता, त्यामुळे तो शून्यावर राहिला, आणि तो आलेला प्रत्येक बाइट कर्नलच्या क्यूमध्ये टाकत होता. यादीतील दुवे अर्धवट बदललेले असताना तो मध्येच शिरला की यादी स्वतःभोवतीच वेटाळली जाई, आणि उपकरण बंद पडे ते त्यानंतर केव्हातरी.

थक्क करणारी गोष्ट अशी, की ज्या लूपमध्ये प्रोग्राम अडकत होता, नेमक्या त्याच्याच वर मूळ सोर्स कोडमध्ये एक लांबलचक टिप्पणी आहे: प्रोग्राम इथे कोसळत असेल तर स्टॅक ओसंडणे, इंटरप्टचा क्रम चुकणे अशी कारणे संभवतात. कॉन्फिग-ॲसर्ट नावाची तपासणी चालू ठेवली असती, तर कर्नलने हा क्रम पहिल्याच खेपेला पकडला असता; पण ती चालू करणे वापरणाऱ्यावर सोपवलेले आहे, आणि हे सोपवणेच लेखकाला अन्यायाचे वाटते.

झेफरमध्ये ही चूक सहजासहजी घडत नाही, कारण तेथे दिलेला क्रम कर्नल आतल्या आत पुढे सरकवते, आणि कर्नलला न जुमानणारा इंटरप्ट हवा असेल तर तो वेगळी सोय चालू करून मुद्दाम मागावा लागतो. म्हणून झेफर निर्विवादपणे श्रेष्ठ, असे लेखकाचे मत काही काळ होते. पण त्याच झेफरमध्ये हार्डवेअरचे वर्णन डिव्हाइसट्री नावाच्या फाइलमध्ये करावे लागते, आणि तेथे एखादा भाग चालू करायचा राहिला तर लिंकर, म्हणजे प्रोग्रामचे तुकडे जोडणारे साधन, केवळ एका क्रमांकाचे चिन्ह सापडत नाही असे सांगून थांबते, ज्यावरून नेमका कोणता भाग राहिला हे नवख्याला उमगत नाही. याउलट टास्क, क्यू आणि लिस्ट या तीन फाइलींत मावलेला फ्रीआरटीओएसचा गाभा विद्यार्थी स्वतः वाचून काढू शकतो, आणि शिकवण्यासाठी तोच घ्यावा, असे लेखक आता आग्रहाने सांगतो.

ते उपकरण फ्रीआरटीओएसवरच राहिले. सिरियल पोर्टचा क्रम मर्यादेच्या आत आणला, तपासणी चालू केली आणि ती अपयशी ठरताच उपकरण स्वतः रिसेट होईल अशी व्यवस्था केली. ग्राहकाला देण्याच्या आवृत्तीत तपासणी बंद करून मेमरी वाचवावी, असा आग्रह धरणाऱ्यांशी लेखकाचा वाद अद्याप मिटलेला नाही.