हक्कसोडपत्र पाठवू नकोस

श्रीवर्धन तालुका, जि. रायगड
जून 2021

ती. ताईस,


तुझं पत्र पोचलं. ‘मला वाडीतलं काही नको, हक्कसोडपत्र सही करून पाठवते, म्हणजे तुझं भरपाईचं काम अडणार नाही,’ असं तू लिहिलंयस. फोनवर यावर बोललो असतो. पण फोनवर तू ‘बरं, बरं’ म्हणतेस आणि करायचं तेच करतेस. म्हणून सविस्तर लिहायला बसलो.

आधी वाडीचं सांगतो. गेल्या वर्षी 3 जूनच्या दुपारी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाचा वारा होता, हे तू बातम्यांत ऐकलंस. झाडं कशी पडली ते बातम्यांत आलं नाही. चक्रीवादळात वारा गोल फिरतो. मधला भाग डोक्यावरून सरकला की तोच वारा उलट्या बाजूने येतो. पहिल्या झोडपणीत माड मुळापासून हलले, दुसरीत आडवे झाले. आणि माड पडतो तो चार पोफळींना घेऊन. पोफळीचं खोड ते केवढं! कमरेतून मोडल्या सगळ्या. विहिरीकडच्या कोपऱ्यात थोड्या राहिल्या आहेत, बाकी आईच्या हातच्या बहुतेक गेल्या. दोन दिवसांनी वटपौर्णिमा होती. पारावरचा वडही आडवा झालेला, बायकांनी त्याच पडलेल्या वडाला सूत गुंडाळलं.

वादळाच्या दिवशी घराबाहेर पडायलाही वाट नव्हती. अंगणापासून रस्त्यापर्यंत खोडं, झावळ्या, तारा, शेजाऱ्यांचे पत्रे. पहिलं काम वाट काढण्याचं, दुसरं पाण्याचं. वीज गेलेली, म्हणजे पंप बंद. विहिरीत सगळा पाचोळा. रहाट आपण कधीच काढून टाकला होता, तेव्हा दोर-कळशीने पाणी ओढलं, आधी पाला उपसला, मग ब्लीचिंग पावडर टाकली. तालुक्यात काही ठिकाणी वीज यायला महिन्याहून जास्त काळ लागला. जनरेटरवर मोबाईल चार्ज करून द्यायचा धंदाच निघाला होता. तुला माझा फोन इतक्या उशिरा का आला, त्याचं कारण हे.

तिसरं काम छपराचं, आणि ते सगळ्यात घाईचं. पाऊस तोंडावर होता. कोरोनाच्या टाळेबंदीमुळे कौलं मिळेनात, सुतार मिळेनात, पत्र्यांचे भाव वाटेल ते. माजघरावर निळी ताडपत्री, पडवीवर काळा प्लास्टिकचा कागद, त्यावर पडलेल्या पोफळींचे ओंडके, अशा थाटात चातुर्मास काढला. यंदा मे महिन्यात ‘तौक्ते’ वादळ समुद्रातून गुजरातकडे जाता जाता आपल्याला घासून गेलं. नवे पत्रे घातलेल्या दोन-तीन घरांचे पत्रे पुन्हा उडाले. कौल एकेक सुटतं, पत्रा सुटला की अख्खा जातो आणि कुणाच्या तरी अंगावर पडतो. तेव्हा आपण माजघरावर कौलंच ठेवली आहेत. मागच्या पडवीला पत्रा घातला, पण तो जे-हूकने लोखंडी पाइपाला घट्ट आवळून. घरात उकडतं म्हणून तक्रार करायला तू ये, मी ऐकून घेईन.

आता जे बाहेरून दिसत नाही ते लिहितो. वादळ त्या एका दुपारी संपलं, पण त्याचं नुकसान अजून संपलेलं नाही. पडलेले माड कुजायला लागले की त्यात गेंड्या भुंगा अंडी घालतो. त्याच्या अळ्या त्या कुजक्या खोडांत आणि शेणखताच्या खड्ड्यात वाढतात, आणि भुंगे मग उभ्या माडांचा कोंब पोखरतात. यंदा वाचलेल्या माडांची नवी झावळी उलगडली, तर कात्रीने त्रिकोण कापून काढावेत तशी. सोंड्या भुंगा तर जखमी खोडाच्या वासावरच येतो. म्हणजे पडलेली खोडं वेळेत फोडून, जाळून किंवा बाहेर काढून टाकणं हे उरलेल्या वाडीचं औषध. पण कटर चालवणाऱ्याची मजुरी आणि खोडाला मिळणारी किंमत यांचा मेळच बसत नव्हता. सरळ, जून माडांचे वासे निघाले, फणसाचं लाकूड वखारवाल्याने पडत्या भावाने नेलं. बाकी सगळं आपल्याच खर्चाने हलवलं, आणि थोडं अजून पडून आहे.

दुसरी गोष्ट सावलीची. वाडीचं अर्थशास्त्र उंचीवर चालतं: वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर मिरीचा वेल, खाली जायफळ, केळ. वरचा मजला कोसळला आणि खालच्यांच्या डोक्यावर एकदम ऊन आलं. जी जायफळं वादळात वाचली, ती एप्रिलच्या उन्हात करपली. पोफळीचं रोप तर उघड्यावर लावताच येत नाही, पश्चिमेचं ऊन त्याला भाजून काढतं. म्हणून गेल्या पावसात मी पोफळ लावलीच नाही, आधी केळी लावल्या. आता त्यांच्या आडोशाने या पावसात रोठा जातीच्या पोफळीची रोपं लावायची. पण रोपंही सगळ्यांना एकदमच हवी आहेत, तेव्हा जी मिळतील ती घेऊन सुरुवात करतो.

आता भरपाईचं. आधी फळबागांना हेक्टरी 50 हजार जाहीर झाले. ऐकायला मोठा आकडा, पण आपल्याकडे हेक्टर आहे कुणाकडे? आपली वाडी पंधरा गुंठ्यांची. हेक्टराचे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला 500 रुपये. वाडीवाल्यांनी ओरड केल्यावर झाडामागे हिशेब आला: पोफळीला 50 रुपये, माडाला 250. चांगल्या पोफळीची एका वर्षाची सुपारीही त्याहून जास्त पैसे देते, आणि ती पन्नास-साठ वर्षं उभी असते. तरी ते पैसे सोडायचे नाहीत, कटरवाल्याची उधारी तरी फिटेल.

अडलंय ते सातबाऱ्यावर. त्यावर अजून आजोबांचं नाव आहे, एका काकांचं आहे, आणि वारस आपण दोघं, मुंबईचे दोघे चुलतभाऊ. झाडं मी शिंपतो, पण पैसे माझ्या खात्यात यायला सगळ्यांची संमती लागते. गावात निम्म्या वाड्यांची हीच गत. वादळ येईपर्यंत कुणाला वारसनोंदीची गरज वाटली नव्हती. मला बऱ्याच जणांनी सल्ला दिला, “बहिणीकडून हक्कसोड करून घे, एक नाव तरी कमी होईल.” तूही तेच म्हणतेस. तुला वाटतं, तू माझ्यावर उपकार करते आहेस. ताई, मला तो उपकार नको.

कारण सांगतो. वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे, हा कायद्याचा भाग झाला. पण मला त्याहून साधी गोष्ट दिसते. आज लावलेली पोफळ धरायला सहा-सात वर्षं घेईल, म्हणजे 2028 उजाडेल. बाणवली माडाचंही तेच. तोवर मी साठी ओलांडलेली असेल. ही लागवड माझ्या पोटासाठी नाहीच. आपण ज्या सुपारीवर शिकलो, ती लावणाऱ्यांपैकी कितीजणांनी ती पुरती खाल्ली? मागच्यांनी पुढच्यांसाठी लावायचं, असं चाललं म्हणून वाडी टिकली. मग पुढचे कोण, ते तर ठरलं पाहिजे. माझा मुलगा पुण्यात, तुझी मुलगी ठाण्यात. दोघांपैकी कुणाला वाडी हवी असेल, मला माहीत नाही. म्हणून दोघांचीही वाट मोकळी राहू दे. एकाच्याच नावावर झाली, की पुढच्या वादळानंतर त्याला ती विकणंच सोपं वाटेल. शहरातले दलाल आत्तापासून चौकशी करून जातायत, पडीक जागेला चांगला भाव सांगतात.

तेव्हा तीन कामं कर. सोबत पाठवतोय ते संमतिपत्र भरून, सही करून पाठव. ते फक्त भरपाईची रक्कम माझ्या खात्यावर जमा होण्यापुरतं आहे, तुझा हिस्सा त्याने सुटत नाही. चुलतभावांना गाठून त्यांच्याही सह्या घे, माझं ऐकत नाहीत, तुझं ऐकतील. आणि आजोबा-काकांच्या मृत्यूचे दाखले तुझ्या कपाटात आहेत, त्यांच्या प्रती पाठव. या पावसाळ्यात वारसनोंदी लावूनच घेतो.

कोरोनाचे निर्बंध उठले की लेकीला घेऊन ये. रोपं कुठे लावायची ते तिला दाखवायचंय. हक्कसोडपत्र मात्र पाठवू नकोस. पाठवलंस तरी मी ते नोंदवणार नाही.

तुझा,
धाकटा भाऊ