दोनशे फूट? कशावरून?

सातवीतल्या मुलाला 'प्रकल्प' म्हणजे काय विचारा, तो तुम्हाला स्टेशनरीच्या दुकानात घेऊन जाईल. चित्रांचे तक्ते, फेव्हिकॉल, स्केचपेन आणि वर प्लास्टिकची फाइल. आत ठरलेले मथळे : प्रस्तावना, उद्दिष्टे, महत्त्व, निष्कर्ष. शेवटच्या पानावर ऐटीत 'संदर्भ : इंटरनेट'. महाराष्ट्रात 2010 साली सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं आणि आकारिक मूल्यमापनाच्या साधनांत प्रकल्पाला हक्काची जागा मिळाली. हेतू उत्तम होता. प्रत्यक्षात फाइल आईबाबा रात्री जागून सजवतात आणि शाळेत ती जाडीवरून तपासली जाते. मी आईही आहे आणि विज्ञानाची शिक्षिकाही, त्यामुळे दोन्ही टोकं चांगली पाहिली आहेत.

अंधेरी पश्चिमेच्या मराठी माध्यमाच्या सातवीकडून एकदा खराखुरा अहवाल लिहून घ्यायचा, असं मनात होतं. 'या वयात कसलं संशोधन?' हा प्रश्न शिक्षकखोलीत लगेच आला. पण राष्ट्रीय बालविज्ञान परिषद 1993पासून 10 ते 17 वर्षांच्या मुलांकडून हेच मागते आहे : आपल्या परिसरातला प्रश्न, स्वतः घेतलेल्या नोंदी, स्वतः लिहिलेला अहवाल. डॉ. होमी भाभा बालवैज्ञानिक स्पर्धेत तर सहावीच्या मुलांनाही कृती संशोधन करावं लागतं. (त्यासाठी तयार प्रकल्प पुरवणारेही निघाले आहेत, पण तो वेगळा विषय.)

विषय लांब शोधावा लागला नाही. भवन्स कॉलेजच्या समोरच्या बाजूला, झोपड्या आणि इमारतींच्या गर्दीतून एक काळा उभा कडा वर आलेला दिसतो. गिल्बर्ट हिल. वर गावदेवीचं देऊळ, देवळापर्यंत कोरलेल्या पायऱ्या. वर्गातली निम्मी मुलं नवरात्रात तिथे जाऊन आलेली. खडकाकडे मात्र कोणी पाहिलेलं नव्हतं. देवळाला जाताना खडक कोण बघतं!

पहिला कच्चा मसुदा आला तेव्हा सगळ्या गटांनी जवळपास एकच परिच्छेद लिहिला होता. गिल्बर्ट हिल 61 मीटर म्हणजे 200 फूट उंच आहे, तो 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा आहे, बेसॉल्टच्या उभ्या खांबांचे असे खडक जगात फक्त तीन, बाकीचे दोन अमेरिकेत, आणि 1952 साली वन कायद्याखाली त्याला संरक्षण मिळालं. एका गटाने मुखपृष्ठावर डायनासोरही चिकटवला होता. एकाची भाषा इतकी गुळगुळीत होती, की ती चॅटजीपीटीची आहे हे सांगायलाही नको. त्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. फळ्यावर ते परिच्छेद वाक्यावाक्याने लिहिले आणि प्रत्येक वाक्यापुढे एकच शब्द टाकला : कशावरून?

"नेटवर सगळीकडे तेच आहे, बाई."

सगळीकडे आहे, हे खरंच होतं. मग सगळ्यांनी ते कुठून घेतलं? इथे वर्ग पहिल्यांदा गप्प झाला.

प्रत्येक गटाला एक साधी दोनशे पानी वही दिली. पानाचे तीन भाग : पाहिलं, ऐकलं, वाचलं. कुठलंही वाक्य या तीनपैकी एका रकान्यात बसलं तरच अहवालात जाणार. वाचलेल्यापुढे कुठे वाचलं ते, ऐकलेल्यापुढे कोणाकडून ते. अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे सगळं शेवटी. मुलांना आधी प्रस्तावनाच लिहायची असते, कारण तिच्यात काही माहीत असावं लागत नाही.

सर्वांत आधी 'जगात फक्त तीन' कोसळलं. दोघीजणींनी शाळेच्या संगणकावर एक दुपार घालवली आणि धावत आल्या. उत्तर आयर्लंडमधल्या जायंट्स कॉजवेला असे सुमारे 40,000 दगडी खांब आहेत आणि 1986पासून ते जागतिक वारशाच्या यादीत आहेत. कर्नाटकात मलपेसमोरच्या सेंट मेरी बेटांवर खांब आहेत. आपल्याच कोल्हापूर जिल्ह्यात, पन्हाळ्याच्या बाजूला बांदिवडेला आहेत. वर त्या दोन अमेरिकन खडकांपैकी वायोमिंगचा डेव्हिल्स टॉवर मुळात बेसॉल्टचा नाहीच, तो फोनोलाइट नावाच्या दुसऱ्या अग्निजन्य खडकाचा. "म्हणजे बाई, नेटवाल्यांनी बघितलंच नाही?" या प्रश्नातला आनंद शिक्षकाने एकदा तरी अनुभवावा.

1952च्या कायद्याचंही तसंच झालं. भारतीय वन कायदा 1927चा आहे आणि 1952 हे राष्ट्रीय वननीतीचं वर्ष. हे दोन्ही एका मुलाने वडिलांच्या स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकात शोधलं. मग 1952 साली या खडकाबाबत नेमकं काय झालं? मुलांना पक्कं काही मिळालं नाही, म्हणून ते वाक्य अहवालातून गेलं. सातवीतल्या मुलाकडून एक छान भारदस्त वाक्य खोडून घेणं हे दाढ काढण्याइतकं अवघड असतं.

वयाची गोष्ट जास्त मजेची निघाली. 2001 साली हेतू शेठ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स' या भारतीय नियतकालिकात गिल्बर्ट हिलच्या वयावरच एक छोटा शोधनिबंध लिहिला आहे. खडकातल्या पोटॅशियमचा काही अंश ठरावीक गतीने आर्गॉन वायूत बदलत राहतो, त्यावरून खडक कधी थिजला ते काढता येतं. त्यांचं उत्तर : सुमारे 6 कोटी 5 लाख वर्षं, 12 लाख वर्षं इकडेतिकडे. म्हणजे दख्खनच्या लाव्हाचा मोठा लोंढा 6 कोटी 60 लाख वर्षांच्या आसपास येऊन गेला, त्यानंतर बऱ्याच काळाने हा खडक घडला. डायनासोर तोवर संपले होते. मुखपृष्ठावरचा डायनासोर काढताना त्या गटाचे चेहरे पाहण्यासारखे होते. इंग्रजी निबंध सातवीला झेपणारा नव्हता. त्यातला सारांश आणि एक तक्ता आम्ही ओळीओळीने मराठीत लावला, तेवढ्याने काम भागलं.

पण मुलांना खरा धक्का बसला तो 'बारा लाख वर्षं इकडेतिकडे' या शब्दांचा. शास्त्रज्ञ आपलं उत्तर किती चुकू शकतं तेही छापतात?

हे कळायला आमच्या पायऱ्या उपयोगी पडल्या. 200 फूट कशावरून, म्हणून मुलं शिंप्याच्या आणि सुताराच्या टेपा घेऊन हिलवर गेली. तीन गट, प्रत्येक पायरीची उंची मोजायची आणि बेरीज करायची. पायऱ्या कुठे झिजलेल्या, कुठे सिमेंटने वाढवलेल्या. भाविकांची ये-जा चालूच, त्यात कोणीतरी मोजणी विसरलेलं. तिन्ही बेरजा वेगळ्या आल्या. शिवाय पायऱ्या सुरू होतात ती जागा खडकाचा खरा पाया आहे का, हेही ठरेना. एका गटाने शेजारच्या गटाचा आकडा बघून आपला 'दुरुस्त' केला होता, तो परत मूळ लिहायला लावला. अहवालात तिन्ही आकडे गेले, सरासरी गेली आणि खाली टीप : आमची मोजणी 61 मीटरशी थेट ताडून पाहता येत नाही, कारणं पुढीलप्रमाणे. ही टीप मुलांनी स्वतः लिहिली. साऱ्या अहवालात मला ती सर्वांत जास्त आवडते.

देवळाच्या वाटेवर फुलं विकणाऱ्या आजींशी मुलं बोलली. पूर्वी आजूबाजूला दगडखाणी होत्या, सुरुंगांचे आवाज यायचे, असं त्या म्हणाल्या. एकाने सरळ लिहून टाकलं, 'सुरुंगांमुळे टेकडी लहान झाली.' वहीत बघितलं तर ते 'ऐकलं'च्या रकान्यात. मग वाक्य बदललं : 'येथे पूर्वी दगडखाणी होत्या, असे एका जुन्या रहिवासी आजींनी सांगितले.' क्रियापद कोणाचं आहे हे मुलांना एकदा दिसलं, की निबंध आणि अहवाल यांतला फरक वेगळा शिकवावा लागत नाही.

आणि खांब का तयार होतात? तप्त लाव्हा थंड होताना आकसतो, भेगा वरून आत सरकत जातात आणि पाच-सहा बाजूंचे खांब सुटतात. हे वर्गात दाखवता येतं. कॉर्नफ्लॉवर आणि पाणी सारख्या मापाने कालवून वाटीत ओतायचं आणि दिव्याखाली वाळू द्यायचं. जर्मन भूभौतिकशास्त्रज्ञ गेरहार्ड म्युलर यांनी 1998 साली स्टार्चचे हेच खांब बेसॉल्टचं प्रतिरूप म्हणून मांडले. आमची पहिली वाटी जुलैच्या दमट हवेत आंबली आणि वास मारू लागली. तीही नोंद अहवालात आहे, वासासकट. टेबललॅम्पखालची दुसरी वाटी वाळल्यावर गोळा तोडला, तर आत पेन्सिलीएवढ्या जाडीचे पांढरे खांब उभे. वर्गातला सर्वांत मस्तीखोर मुलगा भिंगातून बाजू मोजत बसला होता : पाच, सहा, पाच, पाच, सात.

अहवाल अखेर चौदा पानांचा झाला. एकही चित्र विकतचं नाही. शेवटच्या पानाचा मथळा 'आम्हाला समजले नाही ते', आणि त्या पानावर सगळ्यात जास्त मजकूर. एका पालकांनी विचारलंच, "फाइल एवढी साधी कशी? गुण कमी पडतील का?"

असले विषय उपनगरात पावलागणिक पडले आहेत. बोरिवलीकरांना दहिसर नदी आहे, मुलुंडला राष्ट्रीय उद्यानाची हद्द अगदी वस्तीला लागून आहे, घाटकोपरच्या पूर्वेची ठाणे खाडी 2022 साली पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेली. विज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना एकच विनंती : यंदा प्रकल्पाचे गुण फाइलला देऊ नका, वहीला द्या. आणि पालकांनो, स्टेशनरीचं दुकान एवढं एक वर्ष टाळा.