अडलेला रिपीट आणि हातच्याची वजाबाकी



आज वजाबाकीवर लिहायचं आहे, पण सुरुवात गाडीच्या दारापासून करते. दोन्हींचा संबंध काय, ते पुढे येईलच.

रिव्हेट सगळ्यांनी पाहिलेला असतो. घरातल्या कढईचे कान बघा. कान आणि कढई यांच्या जोडावर जे चपटं गोल डोकं दिसतं, तो रिव्हेट. कोलकात्याचा १९४३ साली सुरू झालेला हावडा पूल नट-बोल्ट न वापरता अशाच रिव्हेटनी जोडलेला आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये त्याला 'रिपीट' म्हणतात. स्क्रूला आटे असतात, उलटा फिरवला की तो निघतो. रिपीटला आटे नसतात. एका बाजूला डोकं असतं आणि दुसऱ्या बाजूला ठोकून किंवा ओढून त्याचं टोक फुगवलेलं असतं. त्यामुळे आला त्या वाटेने त्याला परत जाताच येत नाही.

आमच्या जुन्या गाडीच्या पुढच्या दाराची काच एके दिवशी खाली गेली आणि वर येईना. दाराच्या आत काच वर-खाली करणारी मशीन असते. काही गाड्यांत ती नट-बोल्टने बसवलेली असते, तर काहींत रिपीटने. आमची गाडी दुसऱ्या प्रकारातली. एका ठिकाणी दाखवली तर "रिपीट निघणार नाहीत, दारच बदला" असं उत्तर मिळालं. म्हणून एका रविवारी आमच्या शाळेच्या वाटेवरच्या छोट्या गॅरेजमध्ये गेले. ते गॅरेज माझ्या चौथीच्या वर्गातल्या एका मुलाच्या वडिलांचं. मुलगाही तिथेच होता. वडील हात पुढे करायचे आणि हा न विचारता बरोबर तो पाना त्यांच्या हातात द्यायचा. वर्गात मागच्या रांगेत खाली मान घालून बसणारा हाच का तो, असं मला वाटलं.

दादांनी आधी बॅटरीची वायर काढली. मग दाराचं आतलं प्लॅस्टिकचं पॅनल आणि त्यामागचा प्लॅस्टिकचा कागद अलगद सोडवला. काच हाताने वर ओढली आणि घसरू नये म्हणून दाराच्या चौकटीला चिकटपट्टीने पक्की केली. आता पाच रिपीट समोर दिसत होते. डोळ्यांवर चष्मा चढवून त्यांनी ड्रिल हातात घेतलं. तीन रिपीट सहज निघाले. उरलेले दोन मात्र अडले.

चौथ्यावर ड्रिलचा बिट बसेचना, सारखा बाजूला सरकायचा. दादांनी लगेच मशीन बंद केली.

"मॅडम, हे बघा. बाहेरचा भाग ॲल्युमिनियमचा, मऊ. पण मधोमध लोखंडी खिळा अडकलेला असतो. रिपीट बसवताना जो ओढतात ना, त्याचाच तुटून राहिलेला तुकडा. बिट त्या कडक खिळ्यावरून घसरतो आणि बाजूचा मऊ भाग खातो. तसंच दाबत राहिलं तर भोक वाकडं होतं, मोठं होतं."

"मग?"

"आधी तो खिळा बाहेर."

त्यांनी बारीक पंच खिळ्यावर धरून हातोडीने दोन-तीन हलके ठोके दिले. खिळा आत पडला आणि रिपीटच्या डोक्यात मधोमध खळगी तयार झाली. आता बिट आपोआप मध्यावर बसला. मशीन सावकाश फिरवली, तेलाचे दोन थेंब सोडले. थोड्याच वेळात रिपीटचं डोकं सुटून अंगठीसारखं बिटवर चढलं.

पाचव्याची अडचण वेगळी होती. तो बिटबरोबर गोल गोल फिरायला लागला. तो फिरतोय म्हटल्यावर कापला जाणार कसा? दादांनी त्याच्या डोक्याखाली चपट्या स्क्रू ड्रायव्हरची धार सरकवली, दाबून त्याचं फिरणं थांबवलं आणि मग ड्रिल चालवलं. तोही निघाला.

मी विचारलं, "मोठा बिट लावून जोरात का नाही करत? पटकन होईल की."

ते हसले. "रिपीट काय, कसाही निघेल हो. भोक सांभाळायचं असतं. नवा रिपीट त्याच भोकात बसणार आहे ना? भोक मोठं झालं की नवा धरत नाही, पत्रा फाटला की दार गेलं. म्हणून आपल्याला फक्त डोकं कापायचं. ज्यानं धरून ठेवलंय तेवढंच काढायचं, बाकीचं पंचने ढकललं की आत पडतं."

चहा आला. हात पुसत त्यांनी पालकांचा नेहमीचा प्रश्न विचारला. "मॅडम, पोरगं कसंय अभ्यासात?" मी काही बोलायच्या आत ते मुलाकडे वळले. "सांग मॅडमना. बावन्नातून सदतीस गेले, किती राहिले?"

मुलगा जमिनीकडे बघत म्हणाला, "पंचवीस."

दादांचा हात वर गेला. "महिनाभर झाला, रोज रात्री हेच! किती वेळा सांगायचं? मारलं तरी डोक्यात शिरत नाही याच्या."

मुलगा एक पाऊल मागे सरकला. घाबरून नाही, सवयीने. ते मागे सरकणं मला फार लागलं. पाच मिनिटांपूर्वी एका रिपीटसाठी मशीन बंद करून विचार करणारा हा माणूस, आणि तोच आता स्वतःच्या मुलावर मोठा बिट लावून जोर देत होता.

मी म्हटलं, "दादा, मघाशी तो रिपीट फिरत होता, तेव्हा नुसता जोर लावला असता तर?"

"भोक खराब झालं असतं."

"मग याच्यातही एखादा खिळा अडकला असेल का? बघू या?"

ते काही बोलले नाहीत, पण हात खाली आला. मी मुलाला जवळ घेतलं. "बाळा, तुझं उत्तर चूक की बरोबर ते राहू दे. पंचवीस कसे आले, तेवढं मला सांग."

बराच वेळ तो गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, "दोनातून सात जात नाहीत. मोठ्यातून लहान जातं. म्हणून सातातून दोन गेले पाच. पाचातून तीन गेले दोन. पंचवीस."

बघा, मुलगा अंदाजपंचे उत्तर देत नव्हता. त्याच्याकडे एक पक्का नियम होता, आणि तो नियम प्रत्येक गणिताला तो प्रामाणिकपणे लावत होता. 'मोठ्या संख्येतून लहान संख्या वजा करायची' हे पहिलीत कानावर पडलेलं वाक्य. एकअंकी संख्यांपुरतं ते बरोबरच असतं. दोन अंकी संख्यांमध्ये मुलं तेच वाक्य एककाच्या घराला वेगळं आणि दशकाच्या घराला वेगळं लावतात. हाच तो कडक खिळा. तो मध्ये असताना हातच्याची रीत शंभरदा सांगितली तरी ती वरून घसरणारच. आणि सांगताना हात उचलला तर मुलाचा स्वतःवरचा भरवसा तेवढा फाटतो. उद्या बरोबर रीत तरी कशात बसणार?

गॅरेजमध्ये नव्या रिपीटचा डबा होता. मी मुलाला दहा-दहा रिपीटच्या पाच पुड्या करायला सांगितल्या आणि दोन रिपीट सुटे ठेवले. "हे बावन्न. मी गिऱ्हाईक, मला सदतीस दे."

त्याने तीन पुड्या दिल्या. सात सुटे द्यायचे, पण हातात दोनच. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. वडील ओठ घट्ट मिटून उभे होते. आणि मग त्याने स्वतःच एक पुडी फोडली. बारा सुटे झाले. त्यातले सात मोजून माझ्या हातावर ठेवले. उरली एक पुडी आणि पाच सुटे.

"पंधरा," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पंचवीस नाहीत."

त्याला चूक आहे असं कुणी सांगितलं नव्हतं. त्याचं त्यालाच दिसलं होतं. डी.एड.ला आपण सगळेच 'मूर्ताकडून अमूर्ताकडे' हे सूत्र पाठ करतो. ते त्या दिवशी ग्रीस लागलेल्या हातात मला दिसलं.

दाराचं काम अजून बाकी होतं. ढकललेले रिपीटचे तुकडे दाराच्या पोकळीत पडले होते. ते राहिले तर गाडी चालताना दार खडखडतं. मुलाने दोरीला बांधलेलं चुंबक आत सोडलं. लोखंडी खिळे चिकटून वर आले. "ॲल्युमिनियमचे नाही येणार चुंबकाला. ते पप्पा हाताने काढतील, पत्र्याची धार लागते," असं त्याने मला समजावलं. परिसर अभ्यासाचा एक अख्खा धडा त्याने दोन वाक्यांत सांगितला! मग दादांनी भोकांच्या उघड्या कडांना गंज धरू नये म्हणून रंगाचा हात दिला. तो वाळल्यावर नवी मशीन बसवली आणि रिपीट गनने नवे रिपीट ओढले. प्रत्येक वेळी खिळा तुटल्याचा 'टक' आवाज यायचा. काच वर गेली.

मंगळवारी वर्गात याच मुलाच्या वहीत पुन्हा जुन्या रीतीचं उत्तर होतं. मला दाराच्या पोकळीतले तुकडे आठवले. जुनी रीत निघाली तरी तिचे तुकडे आत खडखडत राहतात, ते वेचून काढावे लागतात. मी त्याच्या वहीवर फुली मारली नाही, फक्त विचारलं, "पुडी फोडली का?" त्याने खोडरबर घेतला.

आता अशा अडलेल्या मुलांसोबत मी काय करते, ते थोडक्यात सांगते.

एक, चुकीचं उत्तर आलं की आधी 'कसं आलं' हे विचारते आणि मुलाचं पूर्ण बोलणं होईपर्यंत थांबते. एकाच प्रकारची चूक तीन-चार गणितांत दिसली, तर तिच्या मागे नियम आहे असं धरून चालते.

दोन, त्या नियमाचं उत्तर वस्तूंनी पडताळायला लावते. काड्यांचे गठ्ठे, चिंचोके, दहाच्या नोटा, जे हाताशी असेल ते. दोन उत्तरं समोरासमोर आली की मूल स्वतः विचारात पडतं.

तीन, काही मुलं प्रश्न आला की 'फिरत' राहतात. माझ्या चेहऱ्याकडे बघून पंधरा, पंचवीस, पस्तीस असं काहीही सांगतात. तिथे नवीन शिकवण्याआधी त्यांना स्थिर करते. एकच गणित, घाई नाही, आणि उत्तराच्या आधी चित्र काढायचं.

चार, आठवड्याने, पंधरा दिवसांनी तेच गणित पुन्हा देते. जुने तुकडे उरलेत का, ते तेव्हाच कळतं.

पालकांना एक विनंती. तुम्ही गवंडी असा, शिंपी असा, शेती करत असा की गॅरेज चालवत असा, तुमच्या कामात कुठे जोर लावायचा आणि कुठे थांबायचं हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त कळतं. तेवढाच धीर रात्री वही उघडल्यावर मुलासाठी ठेवा.

पुढे एका शनिवारी दादा शाळेत आले, पत्र्याचे दोन तुकडे आणि रिपीट गन घेऊन. येताना म्हणत होते, "मॅडम, मी सातवी नापास, मी काय शिकवणार?" मुलांनी त्यांना तासभर सोडलं नाही. ४.८ मिलिमीटरच्या रिपीटला ५ मिलिमीटरचं भोक का लागतं, यावर चौथीच्या वर्गात चक्क वाद झाला. त्यांचा मुलगा मधल्या रांगेत दहा-दहाच्या पुड्या वाटत फिरत होता. एका मैत्रिणीचं उत्तर चुकलं तेव्हा तो तिच्याशेजारी बसला आणि म्हणाला, "कसं आलं ते आधी सांग."