प्लॉट कधी मोडायचा?

टोमॅटोचा प्लॉट मोडायचा की ठेवायचा, हे आपण बहुधा खाली लोंबणारा लाल माल आणि मार्केटचा दर बघून ठरवतो. माझ्या मते बघायचा तो शेंडा. फूल उमलल्यापासून फळ पिकायला साधारण दीड महिना लागतो. म्हणजे आज तोडलेला माल ही दीड महिन्यापूर्वीच्या झाडाची कमाई आहे. आजचे झाड काय देणार, ते शेंड्यावरचे फूलच सांगते. माण-खटाव किंवा आटपाडीकडे उन्हाळी लागणीच्या प्लॉटला एप्रिल-मेमध्ये ३५ अंशांवरचे ऊन लागते, रात्रही तापलेली असते, परागकण निकामी होतात आणि फूल गळते. शेंड्याला फूल टिकत नाही आणि नवी पाने वाकडी, पिवळी निघतात, तेव्हा दोन-चार क्रेट माल उरला असला तरी तो प्लॉट संपला.

यावर पहिला आक्षेप दराचा. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो किरकोळ बाजारात किलोला शंभर रुपयांच्या पुढे गेला, तेव्हा घाईने प्लॉट मोडणाऱ्याचे नुकसान नाही का झाले? पण त्या दराचा खरा फायदा भरात असलेल्या प्लॉटला होता. थकलेले झाड बारीक, तडकलेला माल देते आणि फवारणी, पाणी, तोडणीची मजुरी मात्र पूर्ण घेते. शिवाय हा खर्च एकट्याचा राहत नाही. उबेत पांढऱ्या माशीची पिढी साधारण तीन आठवड्यांत तयार होते, आणि पर्णगुच्छाचा विषाणू घेऊन ती शेजारच्या कोवळ्या रोपांवर जाते. २०१४ मध्ये भारतात प्रथम आढळलेली टुटा नागअळीही अशाच सोडून दिलेल्या प्लॉटमध्ये पोसली जाते.

दुसरा आक्षेप मला जास्त वजनदार वाटतो: तार-बांबू उभेच आहेत, त्यावर दोडका-कारले चढवले तर मांडवाचा खर्च वसूल होतो. निरोगी प्लॉटमागे हे जरूर करावे. विषाणूने गेलेल्या प्लॉटमागे मात्र नको. २०२० मध्ये महाराष्ट्रातल्या टोमॅटोवर बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेला काकडीवरचा मोझॅक विषाणू सापडला होता, आणि तो वेलवर्गीय पिकांवरही जातो.

मोडायचे ठरल्यावर आधी पांढऱ्या माशीसाठी एक फवारणी घ्या, नाहीतर झाड हलताच ती उडून शेजारी जाते. मग झाडे मुळासकट उपटा. बांधावर किंवा ओढ्यात टाकू नका, खड्ड्यात गाडून वर माती ओढा.