कोऱ्या सीडीवरचा आकार... आणि आपले वामनदादा

होस्टेलवर कुणी गाणं विकत घेतल्याचं शेवटचं कधी ऐकलंत? आमच्या विंगमध्ये एक पेन ड्राइव्ह फिरतो. मालक कोण, देव जाणे! सबमिशनच्या फाइल्स, व्हायव्हाचे प्रश्न आणि शेकडो गाणी असा सगळा संसार त्यात सुखाने नांदतो. एप्रिल उजाडला की त्यातली वामनदादा कर्डकांची गाणी स्पीकरवर चढतात आणि १४ तारखेपर्यंत रेक्टर सरही "आवाज कमी करा रे" म्हणत नाहीत.

वामनदादा आपल्याच जिल्ह्यातले. सिन्नर तालुक्यातलं देशवंडी हे त्यांचं गाव, जन्म १५ ऑगस्ट १९२२ चा. शाळा नशिबात नव्हती. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, मुंबईत. पुढचं सगळं आयुष्य बाबासाहेबांचा विचार गाण्यातून गावोगाव नेण्यात गेलं. १५ मे २००४ ला ते गेले, पण गाणी वहीतून वहीत, कॅसेटवरून कॅसेटवर आणि आता मोबाईलवरून मोबाईलवर चाललीच आहेत. कॉपी करणाऱ्यांनीच ती जिवंत ठेवली म्हणा ना! पण लिहिणाऱ्याचे पैसे?

जर्मनीने यावर १९६५ सालीच एक तोड काढली. टेपरेकॉर्डर घरोघर आले, तशी संगीतकारांची 'गेमा' ही संस्था कोर्टात गेली. पण कोण घरात काय टेप करतो हे बघायला जाणार कोण, पोलीस? मग कायद्याने थेट यंत्रावरच आकार बसवला. तो कंपनीने भरायचा, संस्थांनी गोळा करून हक्कदारांना वाटायचा. घरी कॉपी करणारा चोर ठरत नाही आणि लिहिणाराही अगदीच कोरडा राहत नाही. १९८५ मध्ये कोऱ्या कॅसेटही त्यात आल्या. कॅनडात कोऱ्या सीडीमागे २९ सेंट घेतात. (तिथे अजून सीडी कोण घेतं, हा प्रश्न वेगळा!)

आपल्याकडे असं काही नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात खाजगी वापराला काही सूट आहे, पण तिच्या बदल्यात गीतकाराला काही द्यायची सोय नाही. २०१२ ची दुरुस्ती आली, जावेद अख्तर त्यासाठी राज्यसभेत भांडले, आणि सिनेमातल्या किंवा ध्वनिमुद्रित गाण्याच्या रॉयल्टीतला आपला वाटा गीतकाराला कंपनीच्या नावे लिहून देता येणार नाही असं ठरलं. झकास झालं. पण वाटा मिळायला आधी कमाई हवी. आमच्या पेन ड्राइव्हची कमाई शून्य. तसा हक्क अजून जिवंत आहे बरं का! कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं धरली, तर वामनदादांच्या हयातीत छापलेल्या गाण्यांवरचा हक्क २०६४ अखेरपर्यंत चालेल.

माझा रूम पार्टनर म्हणतो, "मी ड्राइव्ह प्रोजेक्टसाठी घेतो, मी का भरू?" बरोबर आहे त्याचं. युरोपच्या न्यायालयानेही २०१० मध्ये स्पेनच्या एका खटल्यात हेच सांगितलं, की धंद्याच्या कामाला घेतलेल्या सामानावर सरसकट आकार लावायचा नाही.

मला मात्र खरी अडचण वसुलीत दिसत नाही, ती वाटपात आहे. कॅनडात वाटप होतं रेडिओवर किती वाजलं आणि किती विकलं गेलं यावरून. तोच हिशोब इथे लावला तर जयंतीच्या मंडपात, भीमगीतांच्या रात्रीच्या कार्यक्रमात वाजलेलं मोजणार कोण? आकार भरणार नाशिकरोडचा पोरगा आणि पैसे जाणार हिट हिंदी सिनेमाला. असला आकार मला तरी नको. आधी मोजमाप ठरवा, मग आकार लावा.

आणि मोजणं सोपं नाही हं. मोबाईलवरचं गाणं ओळखणारं ॲप ठरावीक रेकॉर्डिंग ओळखतं. तेच गाणं दुसऱ्या गायकाने ढोलकीवर वेगळ्या लयीत म्हटलं की ते गोंधळतं. शब्दांवरून गाणं ओळखणारं काही जमेल का? ई अँड टीसी आणि कॉम्प्युटरच्या मंडळींनो, फायनल इयरला विषय शोधताय ना? डेटा गोळा करायला १४ एप्रिलची एक रात्र पुरे. पेन ड्राइव्ह आमच्या विंगमधून घेऊन जा, फक्त परत आणून द्या!